तीन तारे आणि अडीच चित्रं

३ फेब्रुवारी

ताई,

भावोजींच्या पत्राच्या तळाशी तुझ्या अक्षरात एक ओळ होती. ‘तुमच्या संस्थेतल्या उपचाराने फरक पडतो का? हो की नाही, एवढंच कळव.’ आई आजारी पडल्यापासून तू मला लिहिलेली ही पहिलीच ओळ. मी ती कितीदा वाचली ते सांगत नाही, तू हसशील.

हो. पडतो.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू म्हणशील, याला काय कळतंय, शाळा अर्ध्यावर सोडलेला. म्हणून नीट सांगतो.

पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांना इथे चार महिने ठेवून घेतात आणि रोज दोन वेळा बोलण्याचा सराव करून घेतात. आल्यावर एकदा आणि जाताना एकदा त्यांच्यासमोर साठ चित्रं धरतात. छत्री, कात्री, घुबड, असली. किती चित्रांची नावं सांगता आली ते कागदावर मांडतात. ते कागद माझ्याकडे येतात. मी आकडे संगणकात भरतो, शेजारच्या टेबलावरची मुलगी तेच कागद पुन्हा भरते, आणि जिथे आमच्या दोघांचा मेळ बसत नाही तिथे मूळ कागद काढून बघतो. बहुतेक वेळा चूक तिची असते. हे ती वाचणार नाही म्हणून लिहितो.

एकूण नऊशे माणसं. निम्मी इथे राहून शिकली. उरलेल्या निम्म्यांना चित्रांची पेटी देऊन घरी पाठवलं, घरच्या कुणीतरी रोज अर्धा तास बसून सराव करून घ्यायचा. मग दोन्ही गट ताडून पाहिले. आमच्याकडे संख्याशास्त्राच्या एक बाई आहेत, सगळे त्यांना तोंडावरच आकडेबाई म्हणतात. त्यांनी गेल्या आठवड्यात निकालाचा तक्ता मला टंकायला दिला. इथे राहिलेल्यांच्या ओळीपुढे तीन तारे होते. एक तारा म्हणजे बरा, दोन म्हणजे चांगला. तीनच्या वर नसतातच. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि ते सहसा कुणाला पाणीही विचारत नाहीत.

तेव्हा आईला घेऊन ये. खाटा कमी आहेत, नाव लवकर द्यावं लागतं. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, संध्याकाळी फक्त तासभर भेटू देतात, पण तू त्याची काळजी करू नकोस. तू शाळा सोडून चार महिने इथे कशी राहशील? मी आहे. माझी खोली संस्थेच्या मागच्याच गल्लीत आहे. आता तळमजल्यावरची घेतली आहे, सहजच. दार रुंद आहे.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर मी भराभरा बोलतो आणि तू ठेवून देतेस.

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. पाठपोट! पाकिटावर माझं नाव तू पूर्ण लिहिलंस, तेही वळणदार. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या वह्यांवर लिहितेस तसं.

तू लिहितेस की आईला कुणाचंच नाव घेता येत नाही, पण दुपारी तुझी चप्पल फाटकाशी वाजली की तिची मान वळते. शेजारच्या काकूंनी भरवलं तर तोंड मिटून घेते, तुझ्या हातून खाते. पुढे लिहितेस, ‘चार महिने ती माझ्याशिवाय कशी राहील या विचाराने मला झोप नाही, पण ती बोलणार असेल तर मी छातीवर दगड ठेवीन.’ आणि खाली, ‘तू तिथे आहेस म्हणून हिंमत करते.’

हे शेवटचं वाक्य तू खोडून पुन्हा लिहिलेलं दिसतं. काय खोडलंस ते उजेडासमोर धरूनही वाचता आलं नाही.

प्रवेशाचा अर्ज पाठवायचं म्हणाली होतीस. पाठवलास का? नसेल तर सावकाश पाठव. म्हणजे घाई नाही. मागे मी घाई कर म्हणालो होतो, पण तशी घाई नाही. इथे थोडं कामाचं चाललं आहे. आमचा निबंध ज्या मासिकाकडे छापायला पाठवला होता त्यांनी तो परत पाठवला. नापास केला असं नव्हे, काही दुरुस्त्या मागितल्या आहेत. डॉक्टर चिडचिड करतात. मला तक्ता पुन्हा करावा लागेल, एक रकाना वाढवून.

आईचा उजवा हात आता कसा आहे? लिहिलं नाहीस.

तुझा भाऊ


२२ फेब्रुवारी

ताई,

अर्ज पाठवला नसशील तर पाठवू नकोस. पाठवला असशील तर मी इथे बाजूला काढून ठेवतो. कारण पुढच्या पत्रात लिहितो. आई ठीक असेल अशी आशा करतो.

तुझा भाऊ


४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तुझं बरोबर आहे असं म्हणणार नाही, पण माझ्याकडून आलेली तीन ओळींची चिठ्ठी वाचून दुसरं कुणीही हेच म्हणालं असतं. ‘अंगावर आलं की तुझे पाय मागे. दवाखान्यातही हेच केलंस. आई नको असेल तर तसं स्पष्ट लिही, उपचारावर घालू नकोस.’

दवाखान्यातलं राहू दे. आईला आत नेत होते आणि मी तिच्या कागदावर चुकलेलं आडनाव दुरुस्त करत बसलो होतो, हे खरं. ‘तुला वेलांटी दिसते, आई दिसत नाही, चालता हो,’ असं तू सगळ्यांदेखत म्हणालीस, हेही खरं. मी चालता झालो. त्यावर आपण दोघं म्हातारे होईपर्यंत भांडू शकतो. पण आत्ताचं वेगळं आहे आणि ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मासिकवाल्यांच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही सगळीकडे फक्त तारे दिले आहेत, परिणाम केवढा ते कुठेच दिलेलं नाही. मी ते आकडेबाईंना नेऊन दाखवलं.

"बाई, आपल्याला तीन तारे आहेत ना? मग यांना अजून काय पाहिजे?"

"केवढा ते पाहिजे."

"केवढा म्हणजे?"

"फरक केवढा. तारे काय सांगतात? दोन गटांत फरक दिसतो आणि तो नुसता योगायोगाने पडला असेल असं वाटत नाही. संपलं. फरक हत्तीएवढा की मुंगीएवढा, ते तारे सांगत नाहीत."

"पण तीन तारे म्हणजे..."

"अरे बाबा, हॉटेलचे तारे आहेत का ते? तीन तारे म्हणजे गादी मऊ असं समजलास की काय?"

शेजारची मुलगी खिदळली. मी तसंच समजलो होतो. तुला तसंच लिहिलंही होतं, ते मात्र मी तिथे बोललो नाही.

बाईंनी मला खुर्ची दिली. त्या सहसा देत नाहीत, समोर उभा राहिलेला माणूस लवकर जातो म्हणतात. "हे बघ," म्हणाल्या, "वीस माणसं घेतली असती तर एवढ्या फरकाला एकही तारा मिळाला नसता. आपण घेतली नऊशे. एवढी माणसं मोजली की भिंग लावून बघितल्यासारखं होतं, मुंगीचा पायसुद्धा स्वच्छ दिसतो. स्वच्छ दिसला म्हणून तो मोठा होतो का?"

मग त्यांनी रद्दी कागदावर मांडून दाखवलं. घरी सराव केलेली माणसं चार महिन्यांनी सरासरी सहा चित्रं जास्त सांगू लागली. इथे राहिलेली आठ पूर्णांक चार. वजाबाकी मीच केली. दोन पूर्णांक चार.

"साठातली?" मी विचारलं.

"साठातली."

अडीचसुद्धा नाही, ताई. आणि तेही नेमकं नव्हे. खरा फरक एका चित्रापासून पावणेचार चित्रांपर्यंत कुठेही असू शकेल, असा तो रकाना आहे. आता मी तो टंकला आहे.

मी आईचं नाव काढलं नाही. पण बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "घरचं कोण आहे?" मी सांगितलं. त्यांनी रद्दी कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुझी आई म्हणजे सरासरी नव्हे. ती पंधरा चित्रांनी वर जाईल, नाहीतर आहे तिथेच राहील, ते मला सांगता येणार नाही. पण पंधराने वर गेलेली माणसं घरच्या गटातही आहेत. कागद तूच भरलेस ना?"

मीच भरले. एक सुतार होता. घरीच राहिला, सराव बायकोने करून घेतला, तो सतरा चित्रांनी वर गेला. मला वाटलं होतं आकडा चुकला, म्हणून मी मूळ कागद काढून पाहिला होता. बरोबर होता.

डॉक्टरांची बाजूही सांगतो, नाहीतर तुला वाटेल इथे सगळे फसवे बसलेत. ते लबाड नाहीत. ते आणि आकडेबाई माझ्या टेबलाशीच भांडले. डॉक्टर म्हणाले, "अडीच शब्द म्हणजे काहीच नाही का? एक दिवस तोंडाला कुलूप लावून बसा आणि मग सांगा. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्याला ते म्हणता आलं तर?" बाई म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं काही नाही? मी म्हणते आकडा लिहा. अडीच शब्दांसाठी चार महिने घर सोडायचं का, ते ज्याचं त्याला ठरवू द्या. तुम्ही तारे दाखवून त्याच्या वतीने ठरवू नका." डॉक्टर म्हणाले, "बरं, शेवटच्या तक्त्यात घाला." बाई म्हणाल्या, "पहिल्या परिच्छेदात." शेवटी पहिल्याच परिच्छेदात गेला. डॉक्टर दार आपटून गेले आणि थोड्या वेळाने चष्मा राहिला म्हणून परत आले.

डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात घोळत राहिलं, कारण ते खोटं नाही. अडीच शब्द. कुठले अडीच? ते आपल्या हातात असते तर मी स्वतः आईला खांद्यावरून आणलं असतं. पण चाचणी चित्रांची आहे. आईला चार महिन्यांनी ‘घुबड’ आणि ‘शंख’ म्हणता आलं तर ते आमच्या हिशेबात दोन धरले जातात. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे सरावाची खोली आहे. पहिले काही आठवडे माणसं तिथे रडतात. थकून रडतात, किंवा घरचं माणूस दिसत नाही म्हणून, ते सांगू कशी शकणार? आपली आई तुझ्या चपलेच्या आवाजावर जगते. इथे दिवसभर परक्यांच्या चपला वाजतात.

तू विचारशील, हे सगळं तेव्हाच का नाही लिहिलंस. रकाना टंकल्यावर लगेच लिहायला घेतलं होतं. पण तुझं ते खोडून पुन्हा लिहिलेलं वाक्य समोर होतं. ‘तू तिथे आहेस म्हणून.’ हे लिहिलं की आई येणार नाही, आणि आई आली नाही की तुला मला पत्र लिहायचं कारण उरणार नाही. तळमजल्याची खोली मी सहज घेतली नव्हती. दुसरी खाटही आणून ठेवली आहे. संध्याकाळचा एक तास भेटू देतात, तो एक तास मी मनातल्या मनात रोज भेटून येत होतो. मला ती इथे हवी होती, म्हणून तारे मोठे वाटले. तुझ्या पत्रातलं ‘आई नको असेल तर’ हे वाचून मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. घरमालकीणबाईंनी विचारलं, काही हरवलंय का.

म्हणून हे दोन वेगळे कागद समज. एकावर आकडा: साठातली दोन पूर्णांक चार. दुसऱ्यावर मी. दुसरा कागद बघून पहिला मोठा समजू नकोस, आणि पहिला लहान निघाला म्हणून दुसऱ्याला खोटं ठरवू नकोस.

अर्ज माझ्या खणात आहे. पाठवायचा की फाडायचा, ते तू सांग.

तुझा भाऊ


१५ मार्च

ताई,

तू लिहिलंस, ‘फाड.’ फाडला.

खाली लिहिलंस, ‘घरी सराव म्हणणं सोपं आहे. करणार कोण? मी शाळेतून येते तेव्हा ती थकलेली असते आणि मीही. भावोजी तुझे समोर बसले तर आई त्यांच्याकडे पाठ फिरवते. काकू चांगल्या आहेत, पण त्या आईशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतात आणि आईला ते कळतं.’ त्यापुढे काही नाही. तुझी पत्रं अशी मधेच संपतात, पुढचं पान टपालात गळलं की काय असं वाटतं.

करणार कोण याचं उत्तर मी तीन दिवस लिहितो आहे. लिहून फाडतो. खूप विनवणी केल्यासारखं वाटलं की फाडतो, उपकार केल्यासारखं वाटलं की फाडतो. आता जे होईल ते राहू देतो.

मी.

मी डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, घरच्या गटाला देता ती पेटी मला पाहिजे. म्हणाले, "अभ्यास संपला." म्हटलं, अभ्यासासाठी नको. त्यांनी किल्ली काढून कपाट उघडलं आणि पेटी धुळीसकट माझ्या हातात दिली. "रोज अर्धा तास, एक दिवस न चुकता," म्हणाले. "तिला शब्द येईना तर तू तोंडात घालू नकोस, थांब. तुझ्यासारख्याला थांबणं जड जाईल." बरोबर ओळखलं. रजेचं म्हणशील तर चार महिन्यांची दिली आहे. परत आल्यावर टेबल रिकामं असेल का, असं विचारलं तर म्हणाले, "आत्ता कसं सांगू?" शेजारची मुलगी म्हणाली, "जा तू. निदान चार महिने माझ्या चुका तरी कुणी काढणार नाही."

सरावाने काय होईल ते आधीच नीट सांगतो, म्हणजे नंतर बोल लावायला नको. सरासरी सहा चित्रं. ती सहाही सगळी सरावाची नव्हेत. आजारानंतर काही माणसं नुसत्या दिवस जाण्यानेही थोडी सुधारतात. त्यातली किती दिवसांची आणि किती सरावाची, ते आमच्या अभ्यासात कळत नाही, कारण काहीच न करणारा गट आम्ही ठेवलाच नव्हता. मी हे आकडेबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "आता तुला प्रश्न विचारता यायला लागले." तेव्हा मी आलो म्हणून आई बोलेल, असं मी कबूल करत नाही. एक शब्दही वाढला नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर मी तुला तसंच सांगेन.

मग कशाला येतोस, असं विचारलंस तर माझ्याकडे आकडा नाही.

तुझ्या घरात मी कसा राहीन याची धास्ती तुला आहे तेवढीच मलाही आहे. तू शाळेत असताना आईपाशी बसेन. तू आलीस की बाजूला होईन. ती तुझ्या हातून खाते, तिथे मी मधे येणार नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांत काही चुकलेलं दिसलं तर बोलणार नाही. निदान पहिल्या आठवड्यात नाही. झोपायला कुठेही चालेल. भावोजी घोरतात ते मला माहीत आहे.

आई मला ओळखेल का, हे मात्र कळव. म्हणजे, नको कळवूस. तुला तरी कसं सांगता येणार? मी गेलो तेव्हा ती दोन दारांपलीकडे होती आणि तिला निरोपही मिळाला नाही. आता समोर बसेन तर कदाचित काकूंना देते तसं तोंड मिटून बसेल. बसू दे. मी पहिलं चित्र धरून थांबेन.

तू ‘ये’ म्हणालेली नाहीस, हे मला दिसतं. पत्र मी पुन्हा उलटसुलट वाचलं, तो शब्द त्यात कुठेच नाही. पण ‘येऊ नकोस’ असंही नाही, आणि आजवर ते म्हणताना तू कधी शब्द राखून ठेवलेला नाहीस.

शनिवारी दुपारच्या गाडीने पोहोचतो. नको म्हणायचं असेल तर दारात म्हण, आईला ऐकू जाईल अशा आवाजात. पत्राने म्हणालीस तर ते इथे येईल आणि घरमालकीणबाई ते बंद खोलीच्या फटीतून आत सरकवतील.

तुझा भाऊ